अकरा सेटची वही आणि एक अडलेली खरेदी

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

'मी 64 वर्षांचा, बँकेतून निवृत्त, नाशिकला असतो. आयुष्यभर ख्याल ऐकला. गेल्या वर्षी मुलीकडे लाइपझिगला गेलो होतो, तिने एका मैफलीला नेलं. बीथोव्हनचा ओपस 132 (ओपस म्हणजे प्रकाशित रचनांचा क्रमांक) हा क्वार्टेट होता. दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो. तिसरा भाग सुरू झाला आणि मी खुर्चीच्या कडेला सरकून बसलो, तो संपेपर्यंत तसाच. घरी आल्यावर ठरवलं, बीथोव्हनच्या सगळ्या क्वार्टेटचा एक चांगला सेट घ्यायचा. त्याला तीन महिने झाले. वहीत अकरा सेटची नावं, किमती आणि लोकांची मतं उतरवून झाली. मित्र म्हणतो, बुश क्वार्टेट नसेल तर बाकी सगळं फुकट. मुलगी म्हणते, बाबा, नवीन ध्वनिमुद्रण घ्या. अजून मी घरी एकही क्वार्टेट शेवटपर्यंत ऐकलेला नाही. बायको म्हणते, मुली बघता बघता तुमचं लग्नाचं वय उलटून जाणार. कोणता घेऊ? आणि या वयात हे नवीन संगीत कळेल का?'

नमस्कार.

उत्तर आधी देते, कारणं मागून. क्वार्टेट्टो इतालियानोचा सेट घ्या. फिलिप्स कंपनीसाठी 1967 ते 1975 या काळात त्यांनी तो ध्वनिमुद्रित केला, पुढे दहा सीडींच्या संचात निघाला. वही मिटून ठेवा.

हे मी तुमच्या वहीवरून ठरवलेलं नाही. ठरवलं ते तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावरून, की तिसरा भाग सुरू झाला आणि तुम्ही खुर्चीच्या कडेला सरकलात. सभागृहात बसलेल्या ख्याल ऐकणाऱ्या माणसाला नेमकं त्याच जागी काय झालं, हे कळलं की तुमच्यासाठी सेट कोणता, हेही कळतं.

1825 च्या एप्रिलमध्ये बीथोव्हन पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता. त्यातून उठल्यावर त्याने हा भाग लिहिला आणि वर शीर्षक दिलं: बऱ्या झालेल्या माणसाचं देवाला आभाराचं पवित्र गीत, ल्युडियन सप्तकात. हे ल्युडियन सप्तक म्हणजे युरोपातल्या जुन्या चर्चसंगीतातली एक स्वररचना. तिचे स्वर मोजून बघा. बाकी सगळे शुद्ध आणि मध्यम तीव्र, म्हणजे आपल्या कल्याण थाटाचेच सात स्वर. बीथोव्हनच्या काळातल्या श्रोत्याला त्या जागी कोमलपणा अपेक्षित होता, आपल्या भाषेत शुद्ध मध्यम. त्याने तो मुद्दाम टाळला. तुमच्या कानाला मात्र तीव्र मध्यम घरचा. तो पंचमाकडे कसा ओढतो आणि षड्जावर यायला कसा वेळ लावतो, हे तुम्ही यमनात हजारदा अनुभवलेलं आहे. या प्रार्थनेतही ती ओढ आहे. सगळा वेळ वाटत राहतं की घर पंचमावर आहे.

याला यमन मात्र समजू नका. तंबोरा नाही, पकड नाही, आणि चार वाद्यं एकाच वेळी चार वेगळे स्वर धरून असतात, जे आपल्याकडे नाहीच. पण दार कुठून उघडलं ते तुम्हाला कळावं म्हणून सांगते. 'कळेल का' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या खुर्चीवर मिळालेलं आहे. वयाचा विचार मनातून काढा.

आता सेट एकमेकांपासून वेगळे कशाने होतात, ते याच भागात बघू. प्रार्थनेच्या पाच ओळी आहेत. प्रत्येक ओळीच्या आधी वाद्यं एकामागून एक आत येतात, जणू देवळात माणसं एकेक करून येऊन बसताहेत, आणि मग चौघं मिळून ओळ म्हणतात. अगदी सावकाश. पाच ओळी झाल्या की सप्तक बदलतं, लय बदलते, वर लिहिलेलं असतं 'नवी शक्ती जाणवते आहे', आणि पहिलं व्हायोलिन थरथरत्या सुरांनी चालू लागतं. मग पुन्हा प्रार्थना, पुन्हा शक्ती, आणि तिसऱ्यांदा प्रार्थना, आता प्रत्येक वाद्याचे धागे सुटे झालेले.

हा भाग कोणी 15 मिनिटांत वाजवतं, कोणी 20 मिनिटांच्या आसपास. दोघंही बरोबर. बीथोव्हनने आपल्या पहिल्या अकरा क्वार्टेटना पुढे मेट्रोनोमचे, म्हणजे लय मोजायच्या यंत्राचे, आकडे दिले, पण शेवटच्या पाचांना दिले नाहीत. त्यामुळे 'सावकाश' म्हणजे किती, हे ठरवणं पूर्णपणे वाजवणाऱ्यांवर. विलंबित किती विलंबित, यावरून आपल्याकडे घराणी ओळखू येतात, तसंच हे.

तुमच्या वहीतले तीन-चार सेट स्ट्रीमिंगवर शोधा आणि प्रत्येकाची फक्त ही सुरुवात ऐका, पहिल्या दोन ओळी, म्हणजे दीड-दोन मिनिटं. डोळे मिटून. बघा, सुरात कंप किती आहे. काही जण डावा हात जवळजवळ स्थिर ठेवतात, मग आवाज सरळ, पांढरा, थोडा ऑर्गनसारखा येतो. काही जण प्रत्येक सुराला हलका कंप देतात, मग तो माणसाच्या गळ्यासारखा लागतो. नंतर बघा, ओळीच्या शेवटी श्वास घेताना चौघं एकत्र थांबतात का, की एकाला पुढच्या ओळीची घाई आहे. आणि चेलोचा खर्ज पायाखाली जमिनीसारखा आहे, की नुसता भिंतीपलीकडून येतो आहे. एवढं ऐकलंत की कोणाचंही मत वाचायची गरज उरत नाही.

क्वार्टेट्टो इतालियानो इथे काय करतात? ते थांबायला घाबरत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, 1945 मध्ये, ही चौघं तरुण मंडळी एकत्र आली. पहिल्या व्हायोलिनवर पाओलो बोर्चानी, दुसऱ्यावर एलिसा पेग्रेफी, आणि ही दोघं नवरा-बायको. चेलोवर फ्रांको रॉसी, आणि व्हियोलावर 1947 पासून पिएरो फारुल्ली. सुरुवातीची बरीच वर्षं ते समोर कागद न ठेवता, सगळं पाठ करून वाजवत. पाश्चात्त्य क्वार्टेटच्या जगात हे दुर्मीळ. याचा परिणाम बीथोव्हनच्या सेटमध्ये ऐकू येतो असं मला मनापासून वाटतं. नजर कागदावर नसली की कान शेजाऱ्याकडे जातो. प्रार्थनेची ओळ चार गजांनी वाजते, पण दमसास एकाच छातीचा वाटतो. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली जागा रिकामी पडत नाही. मींड नव्हे, पण मींडेमागे जी वृत्ती असते ती आहे. ज्या माणसाने आयुष्यभर विलंबित ऐकलं त्याला हे लगेच ओळखीचं वाटेल.

त्यांच्याकडे कमी काय आहे तेही सांगायला हवं. ओपस 18 मधले पहिले सहा क्वार्टेट बीथोव्हनने तिशीच्या आत-बाहेर असताना लिहिले, त्यांत आधीच्या पिढीतल्या हायडन या संगीतकाराकडून आलेली चपळाई आहे, मिश्कील वळणं आहेत. इतालियानो तिथे जरा जड पावलं टाकतात. रुबाब दिसतो, खोडकरपणा कमी पडतो. मला ते चालतं.

तुमच्या मुलीचं म्हणणंही खोटं नाही. तिला हवं ते ताकाच क्वार्टेटमध्ये मिळेल. बुडापेस्टमध्ये 1975 साली चार विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा चमू पुढे अमेरिकेत कोलोराडोला स्थिरावला. 2001 ते 2004 मध्ये डेक्का कंपनीसाठी त्यांनी बीथोव्हनचे सगळे क्वार्टेट केले. त्यातल्या मधल्या काळातल्या क्वार्टेटच्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं आणि ते योग्यच झालं. रशियाचा व्हिएन्नामधला राजदूत काउंट राझुमोव्स्की याच्यासाठी लिहिलेले ओपस 59 चे तीन क्वार्टेट त्यांच्याइतके जिवंत मी फार थोड्यांकडून ऐकले आहेत. गज तारेला जिथे लागतो तिथला खरखरीतपणाही ऐकू येतो, इतका स्वच्छ आवाज. पण त्यांना नाट्य आवडतं. एकदम हळू, एकदम मोठ्याने, मान झटकून पुढे. दोन वर्षांनी दुसरा सेट घ्यावासा वाटला तर हाच घ्या.

वहीतली बाकीची नावं भरभर सांगते. व्हिएन्नाच्या आल्बान बर्ग क्वार्टेटचा सेट अतिशय नेटका, कुठेही चूक सापडणार नाही. मला त्यांचा 1989 चा प्रत्यक्ष मैफलीतला सेट स्टुडिओतल्यापेक्षा जवळचा वाटतो, कारण तिथे थोडा धोका पत्करलेला आहे. अमेरिकेतले एमर्सन झपाट्याचे आणि टोकदार. एबेन या फ्रेंच चमूने 2019-20 मध्ये व्हिएन्ना, टोकियो, साओ पाउलो, नैरोबी अशा सात शहरांत फिरून आपला सेट ध्वनिमुद्रित केला. तरुण, उत्कट, आणि कधीकधी फारच उत्कट. यातला कुठलाही घेतलात तरी फसणार नाही. तीन महिन्यांच्या वहीने तुम्हाला नेमकी हीच गोष्ट सांगितलेली नाही. प्रत्येक मत दुसऱ्या मताला खोडून काढण्यासाठीच लिहिलेलं असतं, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की चुकीचा सेट घेतला तर बीथोव्हन हातचा जाईल. तो जात नाही.

आता तुमच्या मित्राचा बुश. इथे जरा थांबते, कारण त्यांचं अर्धं बरोबर आहे.

आडोल्फ बुश हा जर्मन व्हायोलिनवादक. स्वतः ज्यू नव्हता, पण 1933 मध्ये नाझींनी ज्यूंवर बहिष्कार घातल्यावर त्याने जर्मनीतल्या आपल्या मैफली रद्द केल्या. त्याच्या चमूने 1930 च्या दशकात बीथोव्हनचे शेवटचे बहुतेक क्वार्टेट मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर नोंदवले, तुमचा ओपस 132 धरून. त्या तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटंच मावत. म्हणजे ही लांबलचक प्रार्थना तुकड्या-तुकड्यांत वाजवायची, प्रत्येक तुकड्याला थांबायचं, आणि पुन्हा त्याच भावात, त्याच लयीत सुरू करायचं. आज ते तुकडे जोडून आपण ऐकतो तेव्हा सांधा सापडत नाही. हे कसं साधलं असेल याचा मी अनेकदा विचार केला आहे. खरखर आहे, वरचे सूर पातळ आहेत. पण ज्याने ख्यालगायिका केसरबाईंच्या जुन्या तबकड्या ऐकल्या आहेत त्याला खरखरीच्या मागचं ऐकायला शिकवावं लागत नाही.

मग बुशच का नको? कारण त्यांनी सगळे क्वार्टेट नोंदवलेलेच नाहीत. बुशचं ध्वनिमुद्रण देव्हाऱ्यात ठेवायचं. रोजच्या जेवणाला भांडी वेगळी लागतात. एकटा ओपस 132 त्यांचा ऐका, मित्राला घरी बोलावून ऐका, आणि सेट इतालियानोचा घ्या.

आणि मला स्वतःला कोण आवडतं, असं कोणी विचारलं तर वेगळं नाव सांगेन: शांडोर व्हेघ यांचा क्वार्टेट, 1970 च्या दशकात केलेला दुसरा सेट. त्यात सूर कुठे कुठे किंचित इकडे-तिकडे होतो. पण चारही जण एकमेकांशी बोलताहेत असं जे वाटतं ते मला दुसरीकडे मिळालं नाही. वय झालेल्या गवयाचा आवाज थोडा फाटलेला असावा आणि तरी त्याने एका आलापात डोळ्यांत पाणी आणावं, तसं. पहिला सेट म्हणून मात्र मी तो कोणाला सुचवत नाही. आधी रस्ता पाठ व्हावा लागतो.

खरेदीबद्दल एक गोष्ट, अनुभवातून. जुना सेट विकत घेतलात तर आल्याबरोबर प्रत्येक सीडी पाकिटातून काढून बघा. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी असा एक सेट घेतला होता. त्यात सात नंबरच्या पाकिटात दोन नंबरचीच सीडी होती. मला ते आठ महिन्यांनी कळलं, कारण तोवर मी सातव्या सीडीपर्यंत पोचलेच नव्हते. दर वेळी पहिलीपासून सुरू करायचं, तिसरीपर्यंत यायचं, मग काही काम निघायचं. बऱ्याच घरांतल्या सेटची कहाणी हीच असते. पहिल्या दोन सीडींवर बोटांचे ठसे, शेवटच्या तीन कोऱ्या करकरीत. आणि शेवटच्या तीनवरच तुमची प्रार्थना असते.

म्हणून क्रमाने ऐकू नका. नेम धरा. सोळा क्वार्टेट आणि एक महाफ्यूग (फ्यूग म्हणजे एकच धून वाद्यांनी एकामागून एक धरून विणलेली रचना) मिळून सतरा रचना होतात. आठवड्याला एक धरली तर सतरा आठवडे, म्हणजे जवळपास चातुर्मास. आषाढीला सुरू केलंत तर कार्तिकीच्या सुमारास संपेल. त्या आठवड्यात तीच रचना किमान तीनदा, पूर्ण, दुसरं काही न करता.

पहिला आठवडा अर्थातच 132. दुसऱ्या आठवड्यात ओपस 59 मधला पहिला घ्या. तो सुरू होतो चेलोच्या धुनीने, बाकीचे वर नुसता ठेका धरल्यासारखे, त्यामुळे कान खालून वर ऐकायला शिकतो. मग ओपस 18 कडे वळा. तिथे चौथा, सी मायनर या गंभीर छटेच्या सप्तकातला, तुम्हाला पटकन पकडेल. मधल्या आठवड्यांचा क्रम तुमचा तुम्ही लावा. ओपस 135 आधी आला तर बिघडत नाही, तो शेवटचा असूनही सगळ्यात मोकळा आहे.

ओपस 131 च्या आठवड्याची मात्र तयारी करा. त्याचे सात भाग आहेत, आणि ते एकमेकांना जोडून, मध्ये न थांबता वाजवायचे असं बीथोव्हनने लिहिलं आहे. जवळजवळ चाळीस मिनिटं. मोबाइलवरून ऐकणार असाल तर दोन ट्रॅकच्या मध्ये शांततेचा तुकडा पडतो का, ते आधी तपासा. सेटिंगमध्ये तो बंद करता येतो. सीडीवर हा प्रश्न नाही, आणि सीडींचा सेट विकत घ्या असं मी म्हणते त्याचं हेही एक कारण. शूबर्ट या संगीतकाराने मृत्यूच्या काही दिवस आधी हाच क्वार्टेट ऐकण्याची इच्छा व्यक्त केली होती, असं सांगतात.

शेवटचा आठवडा ओपस 130 साठी राखून ठेवा, आणि त्याच्या आधीचा महाफ्यूगसाठी. हे दोन्ही मुळात एकच. 21 मार्च 1826 रोजी व्हिएन्नात हा क्वार्टेट पहिल्यांदा वाजला तेव्हा शेवटचा भाग हा प्रचंड फ्यूग होता. मधल्या दोन भागांना वन्समोअर मिळाला, पण फ्यूग कोणाला झेपला नाही. प्रकाशकाच्या आग्रहाखातर बीथोव्हनने तो वेगळा काढला आणि त्या जागी नवा, हलका शेवट लिहिला. पूर्ण केलेलं त्याचं हे शेवटचं लेखन. पुढच्या मार्चमध्ये तो गेला. सेटच्या पाठीवर बघून घ्या, 130 च्या अखेरीला कोणता भाग दिला आहे. आठवड्यात एकदा या शेवटासह ऐका, एकदा त्या.

त्याच क्वार्टेटचा पाचवा भाग म्हणजे कावातिना. सहा-सात मिनिटांचा. मध्यावर एक जागा येते, तिथे त्याने एकच शब्द लिहिला आहे, छाती दाटून आल्यासारखं, अशा अर्थाचा. खाली तिन्ही वाद्यं एकसारखी धडधडत राहतात आणि वर पहिलं व्हायोलिन अडखळतं. सूर पूर्ण लागत नाही, ओळ जुळत नाही, जणू हुंदक्यामुळे बोलता येत नाही. मग पुन्हा मूळची धून, काही न झाल्यासारखी. बीथोव्हनला स्वतःला हे लिहिताना रडू आलं होतं, असं त्याच्या परिचयातल्या होल्त्झ या व्हायोलिनवादकाने नोंदवलं आहे.

1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली तिच्यावर पृथ्वीवरच्या संगीताचे 27 नमुने आहेत. शेवटचा नमुना हा कावातिना, बुडापेस्ट क्वार्टेटने वाजवलेला. आणि त्याच्या दोन घरं आधी आहेत आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकर, भैरवीत 'जात कहाँ हो'. दोनपैकी मागून सुटलेलं यान 5 सप्टेंबरला निघालं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

तेव्हा सतराव्या आठवड्यात एका संध्याकाळी वहिनींनाही बोलवा. आधी केसरबाईंची ती भैरवी लावा, साडेतीन मिनिटांची आहे. मग मध्ये काही बोलू नका, आणि कावातिना लावा.